चार नंबरची खिडकी

२ फेब्रुवारी

बबी,

मायना काय लिहायचा यातच अर्धा तास गेला. ‘चिरंजीव’ लिहिलं तर तू म्हणशील, आता आठवलं. आणि ‘प्रिय’ मी आजवर कुणालाच लिहिलेलं नाही. म्हणून नुसतं बबी. पत्ता तुझ्या आईने दिला. ‘मी दिला हे सांगू नका’ असंही म्हणाली. तेव्हा तो तिने दिलेला नाही.

तू फोन उचलत नाहीस, ते ठीक आहे. पत्र फाडून टाकलंस तरी मला इथे कळणार नाही, म्हणजे मी निवांत लिहू शकतो.

बातमी अशी की मी परदेशात आहे. हसू नकोस. आपल्या डॉक्टरांची धाकटी बहीण ज्या संस्थेत आहे, ती संस्था तरुण मुलांच्या हक्कांसाठी काम करते. शाळा असो, नोकरी असो, सरकारी कचेरी असो, जिथून मुलांना दारातून परत पाठवतात तिथे ही माणसं त्यांच्याबरोबर जाऊन उभी राहतात. त्यांना चार महिन्यांसाठी गाडी शिकवणारा हवा होता, बिनपगारी. मी म्हटलं, घरात बसून कॅलेंडरची पानं मोजण्यापेक्षा बरं. तुझी आई म्हणाली, “जा, पण स्वेटर न्या.” एकंदरीत तिला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही.

माझे विद्यार्थी पाच. अठरा ते बावीस वयाचे, पाचही जण जन्मापासून बहिरे. मला इथली भाषा येत नाही, त्यांना कुठलीच ऐकू येत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमची बरोबरी झाली. संस्थेच्या इथल्याच एक बाई दुभाष्याचं काम करतात. त्यांचा भाऊ बहिरा, म्हणून त्या लहानपणापासून हातांनी बोलतात. आमच्या दोघांचंही इंग्रजी मोडकं आहे, पण मोडक्या ठिकाणी सांधा बरोबर बसतो.

बहिऱ्यांना गाडी चालवायचा परवाना मिळावा असा नियम इथे दोन वर्षांपूर्वी झाला. पण या गावात अजून एकालाही तो मिळालेला नाही. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही.

इथे गाड्या रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने चालतात. आज मी दोनदा चुकीच्या दाराने गाडीत शिरलो आणि स्टिअरिंग कुठे गेलं म्हणून शोधत बसलो. मागच्या सीटवर दोन जुळ्या बहिणी होत्या. त्या इतक्या हसल्या की गाडी हलत होती.

तुझे बाबा


१७ फेब्रुवारी

बबी,

एक गोष्ट सांगतो, आईला सांगू नकोस. इथे शिकवायचं तर इथला परवाना लागतो, आणि त्याची लेखी परीक्षा कॉम्प्युटरवर असते. मी नापास झालो. छत्तीस वर्षं दुसऱ्यांना पास केलेला माणूस, तीस प्रश्नांत बारा चूक. बाहेर आलो तर पाचही जण उभे. मी मान हलवली. त्यातला सगळ्यात मोठा मुलगा, आम्ही त्याला वकील म्हणतो, कारण त्याला नियमाचं पुस्तक पाठ आहे, तो मला बाकावर घेऊन बसला आणि रस्त्यावरच्या पाट्यांची एकेक खूण समजावून सांगायला लागला. दुसऱ्यांदा पास झालो.

दुसरी गोष्ट. मी बाईंशी बोलताना सारखं ‘बिचारी मुलं’ म्हणत होतो. परवा त्या म्हणाल्या, “हा शब्द मी त्यांना खुणेने सांगायचं टाळतेय. सांगितला तर तुम्हाला उद्यापासून विद्यार्थी राहणार नाहीत.” तोंडात मारल्यासारखं झालं. त्या दिवसापासून शब्द बंद.

आता कामाचं. चालत्या गाडीत तोंडाने सूचना देता येत नाहीत, आणि हाताने दिल्या तर त्यांना रस्त्यावरची नजर काढावी लागते. म्हणून आम्ही सगळं थांबलेल्या गाडीत आधी ठरवतो. खांद्यावर एक थाप म्हणजे वेग कमी, दोन म्हणजे बाजूला घे. बाकी त्यांचं ते बघतात. मी जन्मभर ‘इंजिनचा आवाज ऐका’ असं ओरडत आलो. इथे एक मुलगी आहे, कायम लाल टोपी घालते म्हणून टोपी. एकोणीस वर्षांची. तिने गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवला, डोळे मिटले, आणि क्लच कुठे धरतो ते दुसऱ्या दिवशी पकडलं. आपल्याकडे ऐकू येणाऱ्यांना पंधरा दिवस लागायचे.

टोपी एका बेकरीत काम करते. चार वर्षं ट्रे धुतेय. बेकरीचा म्हातारा ड्रायव्हर मेच्या पहिल्या तारखेला घरी बसणार आहे. मालक म्हणालाय, एप्रिल संपेपर्यंत परवाना आण, व्हॅन तुझी. नाहीतर दुसरा माणूस बघतो.

या लोकांत प्रत्येकाला खुणेचं नाव देतात. मलाही मिळालं. उजवा हात वर करून दारावरचं हँडल गच्च धरायचं आणि डोळे मोठे करायचे. म्हणजे मी. मी असा बसतो हे मला छत्तीस वर्षं कोणीच सांगितलं नव्हतं. तुला माहीत होतं का?

बाबा


६ मार्च

बबी,

आज आम्ही परवान्याच्या कचेरीत गेलो. पैलवान सोडून सगळे आता तयार आहेत. पैलवान म्हणजे आडदांड मुलगा, पण गोगलगायीसारखी गाडी चालवतो. मागच्या सायकलवाल्याने काल हात जोडले.

त्याआधीचं एक सांगतो. मंगळवारी टोपी गाडी चालवत होती. मी मागच्या सीटवर बसलेल्या बाईंना काहीतरी लांबलचक समजावत होतो. अचानक टोपीने गाडी बाजूला घेऊन उभी केली. मी चिडलो, हात नाचवले, का थांबलीस म्हणून. तिने शांतपणे आरशाकडे बोट केलं. तेवढ्यात बाजूने अँब्युलन्स गेली. बाई म्हणाल्या, “सायरन तर केव्हाचा वाजत होता.” माझे दोन्ही कान शाबूत असून मला तो ऐकू आला नव्हता, कारण मी बोलत होतो.

तर कचेरी. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, टोकनचं मशीन, आणि आमचं काम चार नंबरच्या खिडकीवर. खिडकीमागचे साहेब पन्नाशीचे, शर्टाला कडक इस्त्री, बोलणं अगदी गोड. त्यांनी पाचही अर्ज वाचले, डॉक्टरांचे दाखले वाचले आणि सगळं नीट एकावर एक ठेवून परत दिलं.

वकिलाने नियमाचं पान पुढे सरकवलं. साहेबांनी तेही वाचलं. मग त्यांनी काहीतरी म्हटलं, ते वकिलाकडे न बघता, माझ्याकडे बघून. बाईंनी मला सांगितलं, “ते म्हणतायत, मी यांच्या भल्यासाठीच सांगतोय. रस्ता वाईट आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?”

मुलं माझ्याकडे बघायला लागली. एवढी वर्षं लायसन्सच्या कचेऱ्यांत काढलेला माणूस, काहीतरी ठणकावून बोलेल असं त्यांना वाटलं असणार. मी छत्री शोधत असल्यासारखं केलं. छत्री मी नेलीच नव्हती.

आज एवढंच.

बाबा


९ मार्च

बबी,

मागचं पत्र मी अर्धवट टाकलं. छत्रीचं खरं आहे, पण कारण सांगितलं नाही.

ते वाक्य माझं आहे. तुला आठवत असेल. तू गाडी शिकवण्याचं प्रमाणपत्र मला न सांगता मिळवलंस आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलंस, तेव्हा मी म्हणालो होतो, “तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. दिवसभर परक्या माणसांशेजारी बसायचं काम आहे. उद्या काही झालं तर जबाबदार कोण?” आणि आठवड्यात आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या किल्ल्या तुझ्या चुलतभावाला दिल्या. सात वर्षं काउंटर तू सांभाळलंस. बायका ‘तुमची मुलगी शिकवणार असेल तर येतो’ म्हणायच्या, तेही मला ठाऊक होतं. त्याला तर रिव्हर्स घेताना खिडकीतून मान बाहेर काढावी लागायची. दोन वर्षांत त्याने शाळा बंद करून तिथे मोबाइलचं दुकान टाकलं, हे तुला कळलं असेलच. मी सगळ्यांना सांगतो की धंदाच बसला. धंदा बसला नव्हता.

त्या साहेबांचा मला राग यायला हवा होता. पण तो इस्त्रीचा शर्ट, ते गोड बोलणं, आणि समोरच्या पोराकडे न बघता दुसऱ्याच मोठ्या माणसाकडे बघून उत्तर देणं, हे सगळं मला इतकं ओळखीचं वाटलं की मी खाली बघितलं. त्या दिवशी मीही तुझ्याकडे बघत नव्हतो. तुझ्या आईकडे बघून बोललो होतो.

अजून एक. गेल्या वर्षी मी तुझ्या शहरात आलो होतो, एका लग्नाला. रिक्षाने तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलवरून गेलो. पाटी वाचली. तू फूटपाथवर उभी होतीस, एका बाईला सीटबेल्टवरून झापत होतीस. रिक्षावाल्याने विचारलं, थांबू का? मी म्हटलं, नको, पुढे घ्या. हे तुझ्या आईलाही माहीत नाही.

माफी मागणं मला नीट जमत नाही. लिहून बघितलं, तर अर्जासारखं वाटतं. चूक माझी होती. एवढंच सरळ लिहितो.

बाबा


२६ मार्च

बबी,

तुझं उत्तर नाही, पण पत्रही परत आलेलं नाही, म्हणून लिहितोय. शिवाय सांगण्यासारखं इतकं घडलंय की पोटात राहत नाही.

त्या नकारानंतर मी एक युक्ती काढली. म्हटलं, मी कानात बोळे घालतो, वर कारखान्यातले जाड कानबंद चढवतो आणि साहेबांना शेजारी बसवून गावभर फिरवतो. बघा म्हणावं, न ऐकता गाडी चालते की नाही. बाईंना कल्पना आवडली. मुलांना सांगितली. जुळ्या टाळ्या वाजवायला लागल्या. वकिलाने मात्र सावकाश खुणा केल्या आणि बाईंनी सांगितलं, “तो म्हणतो, परीक्षा माझी आहे. ती तुम्ही कशाला देताय?”

मी कानबंद परत पिशवीत टाकले.

मग वकिलाने त्याची युक्ती सांगितली. कचेरी रोज आठला उघडते. रोज पाचही जणांनी टोकन घ्यायचं, आपापला नंबर आला की चार नंबरच्या खिडकीवर जायचं आणि अर्जाबरोबर एक छापील कार्ड पुढे करायचं. त्यावर एकच ओळ : ‘आपण नाही म्हणत असाल तर कृपया लेखी द्या.’ ओरडायचं नाही, कोणाला अडवायचं नाही, बाकी लोकांसारखं रांगेत बसायचं. लेखी नकार साहेब देणार नाहीत, कारण नियम आपल्या बाजूने आहे.

झालंही तसंच. रोज पाच वेळा साहेब कार्ड वाचायचे, पाच वेळा गोड हसायचे, पाच वेळा अर्ज परत. तिसऱ्या दिवशी टोकनवाली बाई आम्हाला बघून स्वतःच पाच कागद फाडून द्यायला लागली. पाचव्या दिवशी बेकरीचा मालक गरम पावांची टोपली घेऊन आला आणि अख्ख्या रांगेला पाव वाटले. सातव्या दिवसापासून रांगेतली माणसं जुळ्यांकडून खुणा शिकायला लागली. एका आजोबांना ‘उद्या परत या’ ही खूण इतकी आवडली की स्वतःचं काम झाल्यावरही ते खिडकीकडे बघून ती करून गेले. पैलवान रोज रांगेत झोपायचा आणि नंबर आला की टोपी त्याला कोपराने ढोसायची.

मी काय करत होतो? शेवटच्या खुर्चीवर बसत होतो. मला एवढंच काम दिलं होतं. बोलायचं नाही आणि पुढे जायचं नाही. मी ते जन्मात पहिल्यांदा केलं, आणि सांगतो, मला फार अवघड गेलं.

अकराव्या दिवशी मुख्य कचेरीतून वरिष्ठ बाई तपासणीला आल्या. चार नंबरची रांग एवढी लांब का, असं त्यांनी विचारलं. तेवढ्यात टोपीचा नंबर लागला. तिने अर्ज ठेवला, कार्ड ठेवलं. वकिलाने नियमाचं पान आणून ओळीवर बोट ठेवलं. वरिष्ठ बाईंनी वाचलं आणि साहेबांना विचारलं, “हा नियम तुम्हाला माहीत आहे?”

“आहे.”

“मग?”

साहेबांनी खूप वेळ पेनाचं टोपण उघडलं, बंद केलं. शेवटी म्हणाले, “मला भीती वाटते.”

खरं बोलले, बबी. आमच्या बाईंनी मला ते सांगितलं तेव्हा त्या माणसाबद्दल मला पहिल्यांदा बरं वाटलं. वरिष्ठ बाई म्हणाल्या, “वाटू दे. भीतीसाठी आपल्याकडे रकाना नाही. अर्ज घ्या.”

अर्ज घेतले. पाचही. शिक्क्यांचे पाच धपके बसले, मुलांनी टेबलावर तळवे ठेवून ते अनुभवले. परीक्षा नऊ एप्रिलला.

बाबा


१० एप्रिल

बबी,

काल परीक्षा झाली. परीक्षक कोण असावेत? तेच साहेब. इथे माणसं कमी आहेत.

वकील पहिला गेला आणि पास होऊन आला. खाली उतरल्यावर तो हसत सुटला. जुळ्यांपैकी एक पास, दुसरी लेन चुकल्याने नापास. आता दोघींचं भांडण सुरू आहे. त्या हातांनी भांडतात, त्यामुळे जवळ उभं राहणाऱ्याने सांभाळून राहावं. पैलवानाने वेळ पुरला नाही म्हणून नवी तारीख मागून घेतली.

आणि टोपी. रस्त्यावर तिने गाडी अशी नेली की मी पाठीमागून दुसऱ्या गाडीतून बघताना हँडल धरायला विसरलो. शेवटी आवारात रिव्हर्स घेऊन शंकूंच्या मध्ये लावायची होती. मागचं चाक थोडं जास्त वळलं आणि एक शंकू आडवा झाला.

साहेबांनी शंकूकडे बघितलं, टोपीकडे बघितलं, मग आमच्या बाईंकडे. कागदावर पेन टेकवून ते नुसते थांबले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही थांबलो असतो. अकरा दिवस रांगेत बसलेली मुलगी, बेकरी, सगळं त्यांना कळलेलं होतं. सोडून द्यावं असं त्यांच्या मनात आलेलं दिसत होतं.

टोपी खाली उतरली. शंकू बघितला. मग साहेबांसमोर येऊन त्यांच्या कागदावर बोट ठेवलं, जिथे फुली मारतात तिथे. आणि वाट बघत उभी राहिली.

त्यांनी फुली मारली.

ती गेटच्या बाहेर गेली आणि टायरला अशी लाथ मारली की स्वतःच पाय धरून बसली. मी जवळ गेलो. काय सांगणार? मी आपला माझा कॉम्प्युटरवरचा निकाल कागदावर लिहून दाखवला, तीसपैकी बारा चूक. तिने तो वाचला, खिशात ठेवला आणि मला खुणेने विचारलं, पुढची तारीख कधी.

वीस एप्रिल. मालकाची मुदत तीसपर्यंत आहे. आम्ही रोज सकाळी सहा वाजता बेकरीच्या मागच्या अंगणात रिकामे डबे मांडून सराव करतोय.

बाबा


२ मे

बबी,

तुझं पत्र काल आलं. पाकिटावरचं अक्षर बघून मी ते तीन तास उघडलं नाही, खिशात घेऊन बेकरीवर गेलो. म्हणून आधी तिथलं सांगतो.

टोपी वीस तारखेला पास झाली. एकही डबा नाही, एकही शंकू नाही. साहेबांनी कागदावर सही केली आणि तिला खुणेने काहीतरी म्हटलं. बोटं चुकली त्यांची, ते ‘अभिनंदन’ ऐवजी ‘उद्या परत या’ असं निघालं. टोपी इतकी हसली की तिची टोपी पडली. मग तिने त्यांची बोटं धरून बरोबर खूण लावून दिली. ते लाजले.

काल तिचा कामाचा पहिला दिवस होता. म्हातारा ड्रायव्हर किल्ली द्यायला मुद्दाम आला होता. मालकाने मला विचारलं, पहिल्या फेरीला शेजारी बसता का? मी टोपीकडे बघितलं. तिने मान हलवून नको म्हटलं. मी फूटपाथवर उभा राहिलो. व्हॅन कोपऱ्यावर थांबली, तिने दोन्ही बाजूंना बघितलं, आणि गेली. मग मी तुझं पत्र उघडलं.

आठ ओळी. ‘राग गेलेला नाही. पण कामाचं विचारते.’ बबी, राग राहू दे. तो जायची घाई मला नाही. तू कामाचं विचारलंस यातच मला पोटभर मिळालं.

माझी पत्रं वाचून तू जवळच्या बहिऱ्या मुलींच्या शाळेत गेलीस आणि दोघींना शिकवायला घेतलंस, हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी वकिलाला, त्याने सगळ्यांना. आता इथे सगळे तुझी चौकशी करतात.

तुझी शंका : एक मुलगी चढावर आली की घाबरते आणि स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडते. ‘तुम्ही अशा वेळी काय करता?’

मी आज सकाळी बसून तुला दोन पानं लिहिली. हात कसे धरावेत, ब्रेकवर पाय कधी ठेवावा, चढ किती अंशाचा निवडावा. आकृतीसुद्धा काढली. मग सगळं पुन्हा वाचलं आणि फाडलं. कारण त्या मुलीला मी कधी पाहिलेलंही नाही, आणि ती हात का सोडते हे मला ठाऊक नाही. मी आजवर शेकडो लोकांना हात घट्ट धरायला लावले. का सुटतात, हे एकालाही विचारलं नाही.

गाडी सपाटीवर घे. हँडब्रेक ओढ, इंजिन बंद कर, तिला वही-पेन्सिल दे. आणि तिलाच विचार.

ती काय सांगते ते मला लिही. मला माहीत नाही.

तुझे बाबा